खातं उघडायला ओळख लागते, श्टुटगार्टलाही

सप्रेम नमस्कार. भोसरी एमआयडीसीत माझी आणि धाकट्या भावाची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. आम्ही गेजेस आणि फिक्श्चर, म्हणजे सुट्या भागांची मापं तपासायची आणि ते पक्के धरायची साधनं, करतो, बावीस माणसं कामाला आहेत. श्टुटगार्टजवळचा एक ग्राहक सहा वर्षं आमच्याकडून माल घेतोय. आता त्याचं म्हणणं असं, की माल जर्मनीतच साठवा आणि बिल जर्मन कंपनीचं द्या. म्हणून मार्चमध्ये आम्ही दोघं तिकडे जाऊन नोटरीसमोर सह्या करून आलो. कंपनीचं खातं उघडून त्यात भांडवल भरलं की नोंदणी होणार. पण तीन बँकांनी नकार दिलाय. एकीने उत्तरच दिलं नाही, दुसरीने 'आमच्या धोरणात बसत नाही' एवढंच कळवलं, तिसरीने दीड महिना कागद मागवले आणि शेवटी नाही म्हणाली. मावसभाऊ तिकडे नोकरीला आहे. तो म्हणतो, तात्पुरतं माझ्या खात्यात घे. बाणेरचे एक सल्लागार दीड लाखात 'गॅरंटीड' युरोपियन खातं काढून देतो म्हणतात. आमचं काय चुकतंय? भारतीय म्हणून नाकारतात का? आणि मावसभावाच्या खात्यातून केलं तर चालेल का? सगळे कागद सोबत पाठवते आहे.
एक उद्योजिका, भोसरी

ताई, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याचीच मला घाई वाटते. मावसभावाच्या खात्यात एक युरोसुद्धा घेऊ नका. का, ते पुढे येईलच.

भारतीय म्हणून नाकारतात का, याचं उत्तर एका शब्दात देता येणार नाही. त्यासाठी जुनी गोष्ट सांगावी लागेल. बँकेत माझी तेहतीस वर्षं गेली, त्यातली अठरा फॉरेक्समध्ये. त्याआधी, ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा, कॅम्पातल्या एका शाखेत मी नवी खाती उघडायच्या टेबलावर होतो. पुण्यात तेव्हा इराणी विद्यार्थी पुष्कळ. त्यातला एक मुलगा खातं उघडायला आला. केवायसी हा शब्द तेव्हा कुणी ऐकलेला नव्हता, खातं उघडायला 'ओळख' लागायची. म्हणजे बँकेच्या एखाद्या जुन्या खातेदाराने फॉर्मवर सही करायची, की या इसमाला मी ओळखतो. आता या पोराला ओळखणारं कोण असणार? मी त्याला तीनदा परत पाठवलं. तो लबाड आहे असं मला एकदाही वाटलं नव्हतं. मला भीती मॅनेजरची, मॅनेजरला ऑडिटरची. उद्या काही झालं तर फॉर्मवर सही कुणाची, एवढाच प्रश्न. चौथ्या खेपेला तो आपल्या घरमालकांना घेऊन आला. त्यांचं आमच्याकडे वीस वर्षांचं खातं. दहा मिनिटांत काम झालं. मुलगा तोच होता, पासपोर्टही तोच.

तुमची फाइल ज्यांच्या टेबलावर गेली, ती माणसं आज माझ्या त्या खुर्चीत बसलेली आहेत. फक्त त्यांची भीती माझ्यापेक्षा पुष्कळ मोठी आहे, आणि ती उगाच नाही. डॅन्स्के बँकेच्या एस्टोनियातल्या छोट्याशा शाखेतून 2007 ते 2015 या काळात परदेशी खातेदारांचे सुमारे 200 अब्ज युरो वाहून गेले आणि त्यातला मोठा भाग संशयास्पद निघाला. तेव्हापासून युरोपातल्या बँकवाल्यांना 'मालक परदेशी' एवढं वाचलं तरी घाम फुटतो. जर्मनीत बँकांवर नजर ठेवणारी बाफिन नावाची संस्था आहे. बर्लिनच्या एन 26 या मोबाइल बँकेने संशयास्पद व्यवहारांचे अहवाल वेळेवर दिले नाहीत, म्हणून बाफिनने 2021 मध्ये तिला 42.5 लाख युरो दंड केला, शिवाय महिन्याला 50,000 पेक्षा जास्त नवे ग्राहक घ्यायचे नाहीत अशी वेसणही घातली. आता त्या अधिकाऱ्याच्या बाजूने विचार करा. तुमच्या चालू खात्यातून बँकेला महिन्याला मिळणार किरकोळ युरो, आणि तुमच्या कंपनीची छाननी करायची तर माणूस दोन-तीन दिवस अडकणार. नाही म्हणणं स्वस्त पडतं. जर्मनीत 2016 पासून साधं खातं मिळण्याचा हक्क आहे, पण तो माणसांना आहे, कंपन्यांना नाही. त्यामुळे नकाराचं कारण द्यायलाही ते बांधलेले नाहीत.

तेव्हा मालक युरोपबाहेरचा असला की त्यांचं काम वाढतं, हे खरं. पण तुमच्या बाबतीत दार बंद झालं ते कागदांमुळे. तुम्ही पाठवलेली फाइल मी दोनदा वाचली आणि मला त्या तिसऱ्या बँकेची थोडी दयाच आली.

नोटरीकडच्या दस्तात कंपनीचा उद्देश काय लिहिलाय बघा. 'मापन उपकरणे, तसेच सर्व प्रकारच्या मालाची आयात-निर्यात, सल्लासेवा, गुंतवणूक आणि अनुषंगिक सर्व व्यवसाय.' ही आपली मेमोरँडमची, म्हणजे कंपनीच्या स्थापनेच्या दस्ताची, सवय. इथे कंपनी काढताना सीए म्हणतो, सगळं घालून ठेवा, पुढे बदलायला नको. इथे ते शहाणपणाचं असेल, पण तिथल्या बँकेत बसलेला माणूस हे वाक्य असं वाचतो: यांना नक्की काय करायचंय ते सांगायचं नाहीये. 'सर्व प्रकारच्या मालाची आयात-निर्यात' आणि 'गुंतवणूक' हे दोन शब्दप्रयोग एका दस्तात आले, की ती फाइल आपोआप लाल शेऱ्याच्या गठ्ठ्यात जाते. तिथे सरळ लिहा, की भारतातील मूळ कंपनीने बनवलेली गेजेस आणि फिक्श्चर जर्मनीत साठवणे, विकणे आणि त्यांची विक्रीपश्चात सेवा देणे. बस.

हा बदल नोटरीकडेच करावा लागेल, आणि त्यासाठी दोघांनी पुन्हा विमानाचं तिकीट काढायची गरज नाही. तिथल्या वकिलाला कुलमुखत्यारपत्र देता येतं. इथे मात्र एक खड्डा आहे, त्यात पुष्कळ पुणेकर पडलेले मी पाहिलेत. कुणीही सांगेल की इथल्या नोटरीकडे सही करा आणि अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का, करून पाठवा. भारत 2005 मध्ये अपोस्टिलच्या करारात आला खरा, पण जर्मनीने तेव्हा भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली, त्यामुळे या दोन देशांमध्ये तो शिक्का चालत नाही. खर्च होतो आणि कागद परत येतो. मुंबईतल्या जर्मन वाणिज्य दूतावासात वेळ घ्या आणि त्यांच्या अधिकाऱ्यासमोर सही करा, ती तिकडे थेट चालते. मसुदा मात्र श्टुटगार्टच्या नोटरीकडून आधी मागवून घ्या, इथे कुणाकडून टाइप करून घेऊ नका.

आता त्या दीड महिन्याच्या ई-मेलकडे येतो. बँकेने विचारलं, भांडवलाचे पैसे कुठून आले? तुम्ही पुण्यातल्या बँकेचं बॅलन्स सर्टिफिकेट पाठवलंत. त्यांनी पुन्हा विचारलं, तुम्ही ताज्या तारखेचं बॅलन्स सर्टिफिकेट पाठवलंत! ताई, पैसे आहेत याबद्दल त्यांना शंका नव्हती. ते आले कुठून हे त्यांना हवं होतं. याचं उत्तर म्हणजे पुण्याच्या कंपनीचे तीन वर्षांचे ऑडिट केलेले ताळेबंद, प्राप्तिकराची विवरणपत्रं, ज्या खात्यातून पैसे जाणार त्याचा बारा महिन्यांचा उतारा, आणि या गुंतवणुकीला मंजुरी देणारा संचालक मंडळाचा ठराव. शिवाय एक पान तुमच्या शब्दांत: कंपनी कधी सुरू झाली, काय बनवते, नफा किती, त्यातले एवढे पैसे आम्ही तिकडे गुंतवतोय. हे पान कुणी लिहीत नाही आणि वाचणारा नेमकं तेच शोधत असतो.

'अपेक्षित उलाढाल' या रकान्यात तुम्ही लिहिलंय, 'व्यवसायानुसार.' मला हसू आलं, कारण भोसरीहून येणाऱ्या प्रत्येक फॉर्मवर मी हेच वाचायचो आणि मुकाट्याने पेन्सिलीने आकडा टाकायचो. तिकडे पेन्सिलीने आकडा टाकणारं कुणी नाही. महिन्याला साधारण किती युरो येणार, ते कोणत्या एका ग्राहकाकडून, किती पुण्याला मालापोटी जाणार, गोदामाचं भाडं किती, हिशेबनिसाची फी किती, असं सगळं लिहा. रोख रक्कम शून्य, क्रिप्टो शून्य, इतर देशांतून येणारा पैसा शून्य, हेही लिहा. सहा वर्षांच्या बिलांचा गोषवारा आणि पाच-सहा जुन्या पर्चेस ऑर्डरी जोडा. सहा वर्षं एकाच जर्मन कारखान्याला माल देताय ही तुमची सगळ्यात मोठी पुंजी, आणि फाइलमध्ये ती सापडली कुठे? एका ई-मेलच्या तळाशी, 'बाय द वे' म्हणून.

मालकीचा तक्ताही जोडा. एका पानावर वर तुम्ही, भाऊ आणि वडील, टक्क्यांसह, त्याखाली पुण्याची कंपनी, त्याखाली जर्मन कंपनी. तिकडे साधारण 25 टक्क्यांच्या वरच्या मालकांची चौकशी होते, आपल्याकडे कंपन्यांसाठी तीच रेषा 10 टक्क्यांवर आहे. वडिलांचे 20 टक्के जर्मन फॉर्मवर नाहीत, पुण्यातल्या बँकेच्या फॉर्मवर आहेत. तुम्ही लपवलं नाहीये, पण दोन कागद ताडून बघणाऱ्याला तसंच वाटणार. विचारो न विचारो, तक्त्यात वडील दाखवा.

पत्ता 'व्हर्च्युअल ऑफिस'चा दिलाय, तो बदला. एकाच दारावर शेकडो कंपन्यांच्या पाट्या असलेले पत्ते बँकांच्या यादीत असतात. माल साठवायचाच आहे, तर गोदामवाल्याशी करार करा आणि तिथला पत्ता घ्या, किंवा ग्राहकाच्या गावात एक छोटी खोली भाड्याने घ्या. भाडेकराराची प्रत फाइलमध्ये टाका.

हे सगळं जमलं की मग बँक कोणती, हा प्रश्न. तुम्ही गेलात फ्रँकफर्टच्या दोन मोठ्या बँकांकडे आणि एका मोबाइल बँकेकडे, तेही त्यांच्या संकेतस्थळावरून. म्हणजे अनोळखी माणसाने अनोळखी माणसाला चिठ्ठी टाकण्यासारखं झालं. जर्मनीत दोन प्रकारच्या बँका गावोगाव आहेत. एक श्पारकासे, म्हणजे त्या त्या जिल्ह्याच्या किंवा शहराच्या बचत बँका, ज्या आपल्या हद्दीतल्याच लोकांशी आणि धंद्यांशी व्यवहार करतात. दुसऱ्या फोक्सबँक आणि राइफायझेनबँक, म्हणजे सहकारी बँका. चाकणच्या फोक्सवॅगनमधला 'फोक्स' तोच, म्हणजे लोक. यात आपल्याला परकं वाटावं असं काही नाही. एकोणिसाव्या शतकात राइफायझेन आणि शुल्झ-डेलिच यांनी तिकडे ज्या पतपेढ्या सुरू केल्या, त्यांचाच नमुना समोर ठेवून आपल्याकडे 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. आपल्या पेठांमधल्या नागरी बँका आणि त्या फोक्सबँका लांबच्या का होईना, चुलत बहिणी आहेत. अशा बँकेत शाखेचा व्यवस्थापक स्थानिक कारखानदाराला नावाने ओळखतो.

म्हणून तुमच्या ग्राहकाच्या खरेदी अधिकाऱ्याला फोन करा. सहा वर्षांची ओळख आहे, संकोच करू नका. त्याला म्हणा, तुमच्याच सांगण्यावरून आम्ही कंपनी काढतोय, तुमच्या हाउसबँकेत आमच्यासाठी एक भेट ठरवून द्या आणि आम्ही तुमचे पुरवठादार असल्याचं पत्र द्या. हाउसबँक म्हणजे कारखान्याची नेहमीची बँक. जर्मन माणूस जामीन राहणार नाही, तसं मागूही नका. पण भेट ठरवून देणं आणि दोन ओळींचं पत्र देणं यात त्याला काही अडचण वाटू नये. कॅम्पातल्या त्या घरमालकांचं काम इथे तो ग्राहक करेल. तिथेही जमलं नाही तर फ्रँकफर्टमध्ये भारतीय स्टेट बँकेची शाखा आहे. तिथे पुण्याचा ताळेबंद वाचता येणारी माणसं असतात, एवढा तरी फायदा. पण पहिली पायरी ग्राहकाच्या गावातलीच ठेवा.

भेटीला तुम्ही आणि भाऊ प्रत्यक्ष जा. व्हिडिओवरून ओळख पटवायच्या पद्धतीत भारतीय पासपोर्ट चालेलच असं नाही, आणि चालला तरी समोर बसलेल्या माणसाला नाही म्हणणं अवघड असतं. जर्मन हिशेबनीस, ज्याला तिकडे श्टॉयरबेराटर म्हणतात, आधीच नेमा आणि त्यालाही सोबत न्या. बँकेला खात्यापेक्षा खात्यामागे हिशेब कोण ठेवणार यात जास्त रस असतो.

'खातं नाही म्हणून नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून खातं नाही' असं तुम्ही वैतागून लिहिलंय. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तसंच. पण जर्मन कायद्याने यावर तोड काढलेली आहे. नोटरीचा दस्त झाल्यापासून नोंदणी होईपर्यंत तुमची कंपनी 'स्थापनेच्या अवस्थेत' असते, नावामागे 'आय. जी.' ही अक्षरं लावते, आणि त्याच नावाने तिचं खातं उघडता येतं. जीएमबीएचचं, म्हणजे तिकडच्या प्रायव्हेट लिमिटेडचं, भांडवल किमान 25,000 युरो. त्यातले निदान 12,500 या खात्यात जमा झाल्याचं दाखवलं की नोटरी नोंदणीसाठी कागद पाठवतो. हे पैसे अडकून पडत नाहीत, नोंदणीनंतर धंद्यात वापरता येतात. मात्र पुण्याहून बरोब्बर 12,500 पाठवू नका. मधल्या बँका आपला आकार कापून घेतात, तिकडे 12,478 पोचतात आणि नोटरी म्हणतो भांडवल अपुरं. सगळे आकार पाठवणाऱ्याकडून घ्या असं फॉर्मवर नमूद करा, आणि वर शंभर-दोनशे युरो जास्तच पाठवा. तपशिलाच्या रकान्यात भांडवलाचा भरणा आणि भागधारक कंपनीचं नाव, दोन्ही येऊ द्या.

आणि एक. ग्राहक कितीही घाई करो, नोंदणी होईपर्यंत त्या जर्मन कंपनीच्या नावाने माल विकू नका. या मधल्या काळात कंपनीच्या नावाने जो व्यवहार करतो, त्याच्यावर त्याची वैयक्तिक जबाबदारी येते, आणि इथे संचालक म्हणून तो माणूस म्हणजे तुमचा भाऊ. तोवर आजवर चाललंय तसंच चालू ठेवा: पुण्याचं बिल, आणि पैसे पुण्याच्या ईईएफसी खात्यात, म्हणजे निर्यातदाराच्या परकीय चलनाच्या खात्यात, युरोमध्येच. खरं तर निघायच्या आधी विचारलं असतंत, तर म्हणालो असतो की पुण्याच्या कंपनीचीच जर्मनीत व्हॅटसाठी नोंदणी करा, कस्टम्ससाठी तिकडचा प्रतिनिधी नेमा, जर्मन कंपनी लागतेच असं नाही. पण ग्राहकाला जर्मन कंपनीचंच बिल हवंय आणि दस्तही झालाय. आता मागे फिरू नका.

मावसभावाचं. तो प्रेमानेच म्हणतोय, हे मला कळतं. पण त्याचं खातं पगाराचं आहे. त्यात एका कारखान्याकडून अचानक हजारो युरो येऊ लागले की त्याच्याच बँकेची घंटा वाजेल आणि पहिलं खातं बंद होईल ते त्याचं. तिकडचं कर खातं ते पैसे त्याचं उत्पन्न समजून जाब विचारेल. इकडे तुमच्या निर्यातीचे पैसे नियमाप्रमाणे भारतात यायला हवेत, ते भलत्याच्याच खात्यात का थांबले, याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. भांडवल त्याने भरलं तर ते कागदोपत्री तुम्ही परदेशातून घेतलेलं कर्ज ठरू शकतं, आणि त्याचे नियम वेगळे. त्याला मदत करायचीच असेल तर तुमच्यासोबत बँकेत दुभाषा म्हणून जाऊ दे. जर्मन चांगलं बोलत असेलच.

बाणेरच्या सल्लागारांबद्दल फार लिहीत नाही. बँक खात्याची गॅरंटी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नरही देऊ शकत नाहीत. ते बहुधा एखाद्या ई-मनी कंपनीचं, म्हणजे बँक नसलेल्या पण पैसे घ्यायचा-पाठवायचा परवाना असलेल्या कंपनीचं, खातं काढून देतील. ते बेकायदा नाही. युरोपच्या नियमाप्रमाणे अशा कंपनीने दिलेला, समजा लिथुआनियाचा, आयबॅन म्हणजे खाते क्रमांकही जर्मन ग्राहकाने स्वीकारायला हवा, आणि पुढे सुट्या वसुलीसाठी तुम्ही असं खातं खुशाल घ्या, तेही स्वतः, दीड लाख न देता. पण भांडवल भरायला ते चालेल का, हे तुमच्या नोटरीला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नका. आणि युरोपातल्या बँकेतल्या ठेवीला 1 लाख युरोपर्यंत विमा असतो, तसा या ई-मनी खात्यांना नसतो. जून 2020 मध्ये जर्मनीची वायरकार्ड ही पेमेंट कंपनी बुडाली, तिच्या हिशेबातले 1.9 अब्ज युरो जागेवर नव्हतेच, आणि तिच्या ब्रिटनमधल्या कंपनीच्या जोरावर चालणारी कितीतरी कार्डं काही दिवस ठप्प झाली. रुपी बँकेचा अनुभव घेतलेल्या शहराला मी हे जास्त समजावून सांगायला नको.

आता इकडची बाजू. तुमच्या पत्रात तिचा एक शब्दही नाही, म्हणून थोडा सविस्तर सांगतो. दस्तात भागधारक म्हणून पुण्याची कंपनी आहे. तेव्हा पैसे कंपनीच्याच खात्यातून जायला हवेत. 'आत्ता माझ्या सेव्हिंगमधून पाठवते, नंतर बघू' असं अजिबात करू नका. तुम्ही व्यक्तिशः पाठवलेत तर ते वर्षाला अडीच लाख डॉलरच्या वेगळ्या योजनेत जातात, 10 लाखांच्या वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर, कापला जातो, आणि मुख्य म्हणजे भागधारक एक, पैसे दुसऱ्याचे असा घोळ कायमचा होऊन बसतो.

कंपनीसाठी नियम 22 ऑगस्ट 2022 पासून नवे झाले आणि तुमच्यासारख्यांना ते सोपेच आहेत. नेट वर्थच्या, म्हणजे कंपनीच्या निव्वळ मालमत्तेच्या, 400 टक्क्यांपर्यंत परवानगी मागायची गरज नाही. 12,500 युरो म्हणजे बारा-तेरा लाख रुपये, तुमच्या ताळेबंदाला ती रक्कम किरकोळ. पण परवानगी नको याचा अर्थ सांगायला नको असा नव्हे. तुमच्या बँकेच्या फॉरेक्स शाखेत फॉर्म एफसी भरायचा, सोबत ठराव आणि ऑडिटरचं प्रमाणपत्र. बँक त्यावर रिझर्व्ह बँकेकडून यूआयएन नावाचा क्रमांक घेते आणि त्याशिवाय पैसे बाहेर जात नाहीत. पुढचे या जर्मन कंपनीचे सगळे व्यवहार त्याच एका बँकेतून करायचे. जर्मन खातं उघडलं की मग हे करू, असं म्हणत बसलात तर खातं उघडेल आणि पैसे पुण्यातच अडकतील. फाइल आजच चालू करा. नेहमीच्या भोसरीच्या शाखेत कदाचित हे काम होत नसेल. विदेश व्यवहाराची शाखा कोणती ते विचारा आणि तिथे अशी फाइल आधी हाताळलेला अधिकारी गाठा.

सहा महिन्यांच्या आत गुंतवणुकीचा पुरावा द्यावा लागतो. तिथे काउंटरवर तुम्हाला शेअर सर्टिफिकेट मागतील. जीएमबीएचला शेअर सर्टिफिकेट नसतंच, भागधारकांची यादी व्यापार नोंदवहीत दाखल होते. तिची प्रत आणि भाषांतर द्या, आणि नियमात 'यजमान देशाच्या कायद्याप्रमाणे इतर कागद' चालतो हे नम्रपणे दाखवून द्या. दर वर्षी रिझर्व्ह बँकेला 15 जुलैपर्यंत एफएलए, म्हणजे परदेशी देणी आणि मालमत्तेचं विवरण, आणि 31 डिसेंबरपर्यंत एपीआर, म्हणजे परदेशी कंपनीच्या कामगिरीचा वार्षिक अहवाल. एपीआरमध्ये एक गंमत आहे. लहान जीएमबीएचला जर्मनीत ऑडिट सक्तीचं नाही, तुमचा श्टॉयरबेराटर म्हणेल कशाला खर्च करता. पण कंपनीवर तुमचंच पूर्ण नियंत्रण असल्याने आपल्या नियमांना ऑडिट केलेलेच हिशेब लागतात. हा खर्च पहिल्याच वर्षी धरून चाला. पुण्याने जर्मनीला कोणत्या भावाने माल विकला, हेही आता दोन्हीकडची कर खाती बघणार. ते तुमच्या सीएकडून समजून घ्या. कर वाचेल ही आशा तर ठेवूच नका, तिकडे कंपनीला सगळं मिळून 30 टक्क्यांच्या आसपास पडतो.

शेवटी नावांचं. तुमच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे, पॅनवर आणि कंपनीच्या कागदांवर सासरचं. आपल्याकडे याचं कुणाला काही वाटत नाही, जर्मन बँकेच्या संगणकाला मात्र या दोन वेगळ्या बायका वाटतात. तिकडे सगळं पासपोर्टवर चालतं, म्हणून मी तुमच्या जागी असतो तर पॅन आणि डीआयएन, म्हणजे संचालक क्रमांक, पासपोर्टप्रमाणे करून घेतले असते, आणि तोवर विवाह नोंदणीचा दाखला फाइलमध्ये ठेवला असता. भावाच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे आहे, नोटरीच्या दस्तात ते गळलंय. उद्देशाचा बदल करायला वकील जाईल तेव्हाच तेही दुरुस्त करून घ्या. आणि भावाने पासपोर्टवर मराठीत सही केली आहे, नोटरीकडे इंग्रजीत. पुढच्या प्रत्येक कागदावर पासपोर्टवरचीच करायला सांगा. त्यांना देवनागरी वाचता येत नसली तरी दोन सह्या शेजारी ठेवून बघता येतात.